चिल्लर, टॉवर, फायर पंप: उन्हाळा लागायच्या आधी सुपरवायझरनं काय बघायचं

मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की चिल्लर (मोठ्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं मशिन) हाय प्रेशरवर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, व्हायला लागतो, मग व्हेंडरला फोनावर फोन, आणि तो म्हणतो परवा येतो. लातूर काय नांदेड काय, सगळीकडं हेच. हे काम फेब्रुवारीतच उरकायचं असतं बघा.

सगळ्यात आधी पाणी. चिल्लरची उष्णता बाहेर टाकणारा १०० टनाचा (टन म्हणजे इथं वजन नाही, थंड करायची क्षमता) कूलिंग टॉवर फुल लोडवर तासाला साधारण ६०० लिटरच्या वर पाणी नुसतं वाफेत घालवतो, क्षार मात्र बेसिनमध्येच राहतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात मार्चनंतर टँकर सुरू झाले की आज या विहिरीचं तर उद्या त्या बोअरचं. म्हणून प्रत्येक टँकर खाली करायच्या आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघा, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) किटनं तपासा आणि ब्लोडाऊन, म्हणजे बेसिनमधलं क्षार साठलेलं पाणी किती सोडून द्यायचं, ते त्यावर ठरवा. पाणी वाचवायचं म्हणून ब्लोडाऊन बंद करणारे लय आहेत, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तेच क्षार कंडेन्सरच्या (चिल्लरचा गॅस टॉवरच्या पाण्यानं जिथं थंड होतो तो भाग) ट्यूबवर बसतात, मग बिल पण वाढतं आणि मशिन पण बसतं.

ट्यूबवर थर बसला हे उघडून न बघता पण कळतं. गॅसचं कंडेन्सिंग टेंपरेचर आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं टेंपरेचर, यातला फरक रोज लिहायचा. ट्यूब साफ असताना २ अंश होता आणि आता त्याच लोडवर ४-५ व्हायलाय, तर डीस्केलिंगची (थर काढायच्या कामाची) तारीख घ्या, ट्रिप व्हायची वाट बघू नका.

आता लॉगबुक. आठ दिवस ओळीनं एकच आकडा दिसला तर रीडिंग मनानं लिहायलेत असं धरून चाला. रीडिंग लिहिणाऱ्या पोराला ओरडून काही होत नाही, त्याच्यासोबत गेजपुढं उभं राहा, हा आकडा कशासाठी लागतो ते समजावून सांगा, आणि चिल्लरच्या पॅनलमध्ये अलार्म हिस्ट्री असते ती लॉगबुकच्या वेळेशी ताडून बघा.

फायर पंपाचा सिलेक्टर ऑटोवरच पाहिजे, प्लंबर काम करून गेल्यावर व्हॉल्व्ह उघडा आहे का ते स्वतः बघा. टेस्ट लाइन उघडली की प्रेशर पडल्यावर आधी जॉकी (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) आणि मग मेन पंप आपोआप लागला पाहिजे. डिझेल पंपाची बॅटरी पण तेव्हाच बघून घ्या. फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट) जानेवारी आणि जुलैत लायसन्स्ड एजन्सीकडून घ्यायचाच असतो, पण कागद आहे म्हणून टेस्ट सोडू नका.

डीजी (डिझेल जनरेटर) नुसता रिकामा फिरवू नका, कार्बन धरतो, टेस्टला निदान ३० टक्के लोड द्या.

एएचयूचा (थंड हवा फिरवणारं युनिट) बेल्ट बदलायचा असेल तर आयसोलेटर (त्याची वीज तोडणारा स्विच) बंद, त्याला कुलूप, आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. पाच मिनिटाचं काम आहे म्हणून कुणी हे टाळत असेल तर काम तिथंच थांबवा, माणसाची बोटं परत येत नाहीत.

आणि एएमसीवाला (वर्षाच्या देखभालीचं कंत्राट घेतलेला) सर्व्हिस रिपोर्ट पुढं करतो तेव्हा लगेच सही ठोकू नका, सर्व्हिसच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग, दोन्ही साधारण सारख्या लोडवर घेतलेलं, त्या रिपोर्टवर लिहून घ्या, मगच सही.