टेस्ट लावायच्या आधी टर्मकडे नीट बघा

पोरांनो, इन्फिनिट सिरीज, म्हणजे कधीच न संपणारी बेरीज, समोर आली की ती कन्व्हर्जंट आहे का (बेरीज एका ठराविक आकड्याकडे जाते का) हे ठरवायला लगेच रेशो टेस्ट (पुढची टर्म भागिले आधीची टर्म) लावू नका, आधी टर्मचा नंबर एन खूप मोठा झाल्यावर टर्म कशी दिसते ते कच्च्या कागदावर लिहा. समजा वर ३एन + १ आहे आणि खाली एनचा घन + ५, तर त्या १ आणि ५ ला पुढे कुणी विचारत नाही, उरतं ३ भागिले एनचा वर्ग, मग लिमिट कंपॅरिझन लावा, म्हणजे १ भागिले एनचा वर्ग या ओळखीच्या कन्व्हर्जंट सिरीजशी तुलना करा, आपलीही कन्व्हर्जंट, दोन ओळीत विषय संपला. इथे रेशो टेस्ट लावली तर अर्धं पान भरून लिमिट १ येते आणि १ आली की ती टेस्ट काहीच सांगत नाही. फॅक्टोरियल किंवा २ चा एनवा घात दिसला की मात्र रेशो टेस्टच काढा.

लॉग दिसला तर बहुतेक वेळा इंटिग्रल टेस्ट, म्हणजे बेरजेऐवजी त्याच टर्मचं इंटिग्रल काढून बघायचं. १ भागिले (एन गुणिले लॉग एन) घ्या, एन २ पासून, लॉग एक्सला यू ठेवलं की उत्तर लॉग लॉग एक्स येतं, ते इतकं सावकाश वाढतं की कॅल्क्युलेटरवर बेरीज थांबल्यासारखीच वाटते पण जाते इन्फिनिटीला. हार्मोनिकचंही (१ + १/२ + १/३ + ...) तसंच, पहिल्या १००० टर्म मिळून जेमतेम ७.४८५, म्हणून नुसते आकडे बघून कन्व्हर्जन्स ठरवू नका, अगदी कळकळीने सांगतेय.

सरावासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एखादं जुनं कॅल्क्युलसचं पुस्तक आणा आणि त्यातल्या प्रत्येक सिरीजपुढे पेन्सिलने फक्त टेस्टचं नाव लिहीत जा, सोडवायचं नंतर.