ऑटोमॅटिक गाडीतील टॉर्क कन्व्हर्टर कसा ओळखावा आणि कसा जपावा

ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये टाकून ब्रेकवरचा पाय हळूच उचलला, की अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श न करताही ती पुढे सरकू लागते. हे काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला, तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर करतो. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्या गाड्यांत तो नसतो. तिथे नेहमीचाच क्लच यंत्राने दाबला जातो.

कन्व्हर्टरच्या आत पात्यांची तीन चाके असतात. इंजिनाबरोबर फिरणारा इम्पेलर तेल कडेकडे भिरकावतो, ते समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. चालू पंख्यासमोर बंद पंखा ठेवला तर त्याचीही पाती फिरू लागतात, तसेच हे आहे. मात्र तेवढ्याने जोर वाढत नाही. जोर वाढवतो तो मधला स्टेटर, आणि मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. टर्बाइनमधून परतणारे तेल इम्पेलरला विरोध करील अशा दिशेने येत असते; स्टेटर ते वळवून इम्पेलरच्याच दिशेने सोडतो, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होऊन गिअरबॉक्सकडे जातो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५मध्ये ही कल्पना मांडली, ती जहाजांसाठी.

वेग वाढून टर्बाइन इम्पेलरला जवळपास गाठते, तेव्हा स्टेटरही मोकळा होऊन फिरू लागतो. तरीही तेलात थोडी घसरण उरते, म्हणून पुढे लॉक-अप क्लच दोघांना थेट जोडतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे पाहावे: गिअर न बदलता काटा थोडा खाली येऊन स्थिरावला आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबल्यावरही उसळला नाही, तर लॉक-अप लागला आहे असे समजावे.

खंबाटकीसारख्या घाटात वाहतूक तुंबली असता अनेक चालक अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. असे कधीही करू नये, कारण टर्बाइन थांबलेली आणि इम्पेलर फिरता, अशा अवस्थेत इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. गाडी ब्रेकवरच धरावी आणि समोरची जागा पुरेशी मोकळी झाल्यावर एकदाच पुढे न्यावी. सर्व्हिसिंगच्या वेळी या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहण्यास सांगावे. ते काळपट दिसले आणि जळका वास आला, तर बदलण्याची मुदत येण्याची वाट न पाहता गिअरबॉक्स तपासून घ्यावा.