आइस हॉकीच्या टीमचा जुना रेकॉर्ड कसा वाचायचा, आपल्या पैसेवारीच्या हिशोबानं

आमच्याकडं बर्फ म्हणजे उन्हाळ्यात रसवंतीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी, त्याच्यावर कोणी हॉकी खेळते हे गावातल्या अर्ध्या लोकांना अजूनही पटत नाही. पण साडभावाचा पोरगा नोकरीसाठी मिशिगनला गेला अन् येताना माझ्यासाठी लाल टोपी घेऊन आला, तिच्यावर चाकाला पंख लावलेलं चित्र. डेट्रॉइट रेड विंग्ज, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमधली टीम. गाड्यांचं शहर म्हणून चाक. तवापासून मलाही नाद लागला. तिकडं संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली की हिवाळ्यात आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, हरभऱ्याला पाणी द्यायला रातची लाईन असली तर मी तसाही मोटरीपाशी जागाच असतो, मंग बसतो स्कोर पाहत.

आता यवढ्यात गावातली दोनचार पोरं विचारून राहिली की काका ही टीम चांगली का खराब. मी त्यांना टीमचा सगळ्या वर्षांचा तक्ता उघडून देतो तर ते सरळ डब्ल्यूचा रकाना पाहतात, म्हणजे किती जिंकले तो, अन् जिथं आकडा मोठा ते वर्ष चांगलं म्हणून मोकळे होतात. इथंच सगळा घोटाळा आहे. म्हणून हे लिहून राहिलो. मी रेड विंग्जचंच उदाहरण घेतो, तुम्ही कोणतीही टीम घ्या, पद्धत तीच.

सगळ्यात आधी नावं जुळवून घ्या. ही टीम 1926 ला सुरू झाली तेव्हा कुगर्स होती, 1930 ला फाल्कन्स झाली अन् 1932 पासून रेड विंग्ज. तक्त्यात तीन नावं दिसली म्हणून तीन टीम समजू नका, सातबारावर आजोबाचं नाव जाऊन बापाचं लागते तसंच आहे ते, वावर एकच.

मंग रकाने. जीपी म्हणजे सामने किती, डब्ल्यू जिंकले, एल हरले, टी बरोबरीत सुटले, ओटीएल म्हणजे जास्तीच्या वेळेत हरले, पीटीएस म्हणजे पॉइंट, जीएफ केलेले गोल, जीए खाल्लेले गोल. जिंकलं की 2 पॉइंट हे पहिल्यापासून चालत आलं. बरोबरीला 1.

आता मेन काम. एक वही घ्या नाहीतर मोबाईलात शीट उघडा अन् प्रत्येक वर्षाची पैसेवारी काढा. आपल्याकडं पिकाची काढतात ना, रुपयात किती पैसे पीक आलं, तशीच. त्या वर्षी जेवढे सामने झाले त्याची दुप्पट करा, कारण एका सामन्यात जास्तीत जास्त 2 पॉइंट, हा झाला पूर्ण रुपया. टीमचे पॉइंट भागिले ही दुप्पट. बस. कॅल्क्युलेटरवर अर्धं मिनिट लागत नाही.

करून पाहू. 1994-95 ला रेड विंग्जचे विजय फक्त 33. पोरं म्हणतात बेकार वर्ष. 2023-24 ला 41 विजय, हे चांगलं. पण 1994-95 ला मालक अन् खेळाडूंचं भांडण झालं होतं, मालकांनी टाळं लावलं, अर्धा हंगाम गेल्यावर खेळ सुरू झाला अन् सगळे मिळून 48 सामने झाले. त्यात 33 जिंकले, 11 हरले, 4 बरोबरीत, 70 पॉइंट. 70 भागिले 96, म्हणजे 73 पैसे. अन् 2023-24 ला 82 सामन्यांत 91 पॉइंट, 91 भागिले 164, म्हणजे 55 पैसे. कुठं 73 अन् कुठं 55.

सामन्यांची संख्या दरवेळेस तपासाच, याच्यात आळस करू नका. 1949-50 पासून बरेच वर्ष 70 सामने होते, सत्तरच्या दशकात ते 80 झाले, 1995-96 पासून 82. टाळेबंदीचे वर्ष वेगळे, 1994-95 अन् 2012-13 ला 48-48. 2019-20 ला कोरोनानं मधातच थांबलं, डेट्रॉइटचे 71 झाले होते, त्याच्या पुढच्या वर्षी 56 च खेळवले. अन् 2004-05 ची ओळ कोरीच दिसेल, ते पूर्ण वर्षच टाळेबंदीत गेलं. याच्यावरून एक गंमत, रेड विंग्ज 1990-91 पासून 2015-16 पर्यंत एकही वर्ष न चुकता प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, गेले अन् सगळीकडं 25 वर्ष असं लिहिलेलं असते, बोटावर मोजलं तर 26 येतात. एका पोरानं मला चूक काढून दाखवली म्हणून लय खुश झाला होता. ती कोरी ओळ वजा कर बाप्पा म्हटलं.

पैसेवारी काढली म्हणजे सगळं समजलं असं नाही पण. आपल्या गावाची एका वर्षी पैसेवारी लागली 63, अन् वावरात पऱ्हाटीची धसकटं उभी, बोंडं अळीनं खाल्लेली. आकडा कागदावर खरा, बाकी तुम्हाला माहीतच आहे. तर इथंही आकड्याच्या मागं काय नियम होता ते पाहावं लागते.

आधी कसं होतं, एका सामन्यात दोन्ही टीमला मिळून 2 च पॉइंट वाटले जायचे, म्हणून सगळ्या लीगची सरासरी बरोबर 50 पैसे. 1999-2000 पासून जास्तीच्या वेळेत हरणाऱ्यालाही 1 पॉइंट देणं सुरू केलं, अन् 2005-06 पासून बरोबरी बंदच करून शूटआउट आणलं, म्हणजे एकेका खेळाडूनं एकट्यानं गोलकीपरसमोर जाऊन गोल मारायचा अन् निकाल लावायचा. म्हणजे सामना लांबला की 2 ऐवजी 3 पॉइंट वाटल्या जातात. हरून पण पॉइंट. त्याच्यानं सगळ्याच टीमची पैसेवारी फुगली, आता 50 पैसेवाली टीम सरासरीच्या खालीच असते. 1999 ते 2004 च्या मधातले वर्ष पाहाल तर टी अन् ओटीएल दोन्ही रकाने दिसतील, तिथं गडबडू नका, 2001-02 ला 51 जिंकले, 17 हरले, 10 बरोबरीत, 4 जास्तीच्या वेळेत हरले, 102 अधिक 10 अधिक 4 म्हणजे 116. 71 पैसे.

म्हणून माझी पद्धत अशी की वहीत 1999 च्या आधीच्या वर्षांना निळा पेन अन् नंतरच्या वर्षांना लाल पेन. निळे निळ्यासोबत, लाल लालसोबत. निळ्या काळातले 55 पैसे अन् आजचे 55 पैसे एक नाहीत.

आता प्लेऑफ. सहा-सात महिन्यांचा नेहमीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होते, आपली सोयाबीन निघते तेव्हा, अन् एप्रिलात संपते. त्याच्यानंतर वरच्या टीमचं बाद फेरीसारखं प्लेऑफ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार सामने जिंकले की पुढं, म्हणजे स्टॅन्ली कपसाठी एकूण 16 विजय. आपण मृगाच्या पावसाची वाट पाहून राहतो तवा तिकडं फायनल चालू असते. पण हेही पहिले असं नव्हतं. 1952 ला लीगमध्ये सहाच टीम, दोनच फेऱ्या, 8 विजय पुरे. रेड विंग्जनं त्या वर्षी आठच्या आठ जिंकले, एकही हरले नाही, अन् गोलकीपर टेरी सॉचुकनं त्यातल्या चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. त्याच वर्षी कोणीतरी आठ विजयाचे आठ पाय म्हणून बर्फावर ऑक्टोपस फेकला, ती प्रथा तिथं अजून आहे. (आपल्याकडं कोणी असं केलं असतं तर आधी ग्राउंड साफ करणाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या.)

तर प्लेऑफचा रकाना वेगळा ठेवा अन् त्याच्यावर पैसेवारीचा हिशोब लावू नका. काहून म्हणते का, 1995-96 पाहा. 62 विजय, 13 पराभव, 7 बरोबरी, 131 पॉइंट, 80 पैसे. तोवर लीगमध्ये एका हंगामात कोणीच 62 जिंकले नव्हते. 325 गोल केले अन् 181 खाल्ले. अन् कप? कोलोराडोनं फायनलच्या आधीच घरी पाठवलं. पुढच्या वर्षी, 1996-97, फक्त 38 विजय, 94 पॉइंट, 57 पैसे, अन् त्याच वर्षी फिलाडेल्फियाला 4-0 नं हरवून कप आणला, 1955 नंतर पहिल्यांदा. 42 वर्षांनी. दोन ओळी एकाखाली एक आहेत तक्त्यात, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं टाइपिंगची चूक असन. 2005-06 लाही तेच, 124 पॉइंट, 76 पैसे, अन् पहिल्याच फेरीत एडमंटननं बाहेर काढलं.

उलटंही होते. 1985-86 या टीमचं सगळ्यात कोरडं वर्ष, 80 सामन्यांत 17 विजय, 40 पॉइंट, 415 गोल खाल्ले. 25 पैसे. दुष्काळच जाहीर करायचा. पुढच्या वर्षी नवा कोच जॅक डेमर्स आला अन् 78 पॉइंट, म्हणजे 49 पैसे, अन् थेट तिसऱ्या फेरीपर्यंत गेले. हे झेप मोठीच आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, तेव्हा 21 पैकी 16 टीम प्लेऑफमध्ये जायच्या. 1987-88 ला टोरंटो 52 पॉइंट घेऊन, साडेबत्तीस पैशात आत गेली. अन् आज 32 टीम, जागा 16 च. म्हणून "प्लेऑफला गेले" हे वाचलं की लगेच विचारायचं, कितीपैकी किती. 2023-24 ला रेड विंग्ज अन् वॉशिंग्टन दोघांचे 91-91 पॉइंट, विजय तर डेट्रॉइटचेच एक जास्त, पण नेहमीच्या साठ मिनिटांत जिंकलेले सामने वॉशिंग्टनचे जास्त, म्हणून ते आत अन् हे बाहेर. त्या दिवशी मी सकाळी चहा पण घेतला नाही.

शेवटचा रकाना मी "कारण" नावाचा ठेवतो अन् याला सगळ्यात जास्त वेळ लागते. इथं नियम एकच, कारण त्याच वर्षात शोधू नका, पाच-आठ वर्ष मागं जा. संत्र्याची कलम लावली तर फळ काय त्याच वर्षी येते का? 1982 ला माइक इलिच या पिझ्झावाल्या माणसानं टीम विकत घेतली, त्याच्या आधीचे पंधरा-सोळा वर्ष इतके खराब की लोक डेड विंग्ज म्हणायचे. 1983 ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे पोरं निवडतात त्याच्यात, चौथ्या नंबरवर स्टीव्ह आयझरमन घेतला. 1989 ला एकाच ड्राफ्टात लिडस्ट्रॉम तिसऱ्या फेरीत, फेदोरोव चौथ्या अन् कॉन्स्टँटिनोव थेट अकराव्या फेरीत. ही लागवड. काढणी 1997, 1998, 2002. मंग डॅट्स्यूक 1998 ला सहाव्या फेरीत, झेटरबर्ग 1999 ला सातव्या फेरीत, त्याची काढणी 2008 चा कप. पुढं 2012 ला लिडस्ट्रॉम निवृत्त झाला अन् तसं झाड दुसरं लागलंच नाही, पैसेवारी हळूहळू उतरत 2016-17 ला 48 वर आली अन् ती 25 वर्षांची माळ तुटली. 2019-20 ला तर 39 पॉइंट, 27 पैसे, लीगमध्ये सगळ्यात खाली, अन् खालच्याला पहिली निवड मिळावी म्हणून जी चिठ्ठी काढतात तिच्यातही नशीब फुटकं, नंबर चौथा आला.

वहीत इतकं भरलं की टीमचा आलेख तुम्हीच काढू शकता, आडवं वर्ष अन् उभे पैसे, कपवाल्या वर्षाभोवती वर्तुळ काढा. रेड विंग्जची 11 वर्तुळं होतात, 1936 पासून 2008 पर्यंत. बाकी हंगाम चालू असताना मधात काढाल ती नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे कच्चा अंदाज समजा, डिसेंबरात टीम वर दिसली म्हणून फटाके नाही फोडायचे.

सरावासाठी 2024-25 ची ओळ देतो. 82 सामने, 39 विजय, 35 पराभव, 8 जास्तीच्या वेळेतले पराभव. डिसेंबरात कोच बदलला. काढून पाहा. 86 पॉइंट यायला पाहिजे, 52 पैसे, लाल पेनानं. लागोपाठ नववं वर्ष बाहेर. साडभावाच्या पोराला फोन केला तर म्हणते, "मावसाजी, पुढच्या हंगामात नक्की." हे तो टोपी आणली तवापासून म्हणून राहिला.