ऑपरेटिंग सिस्टम टाकताना डिस्क दिसत नसेल तर

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून अनेक घरांतले जुने डेस्कटॉप नव्याने उघडले जाऊ लागले आहेत. कोणी विंडोज ११ टाकतो, कोणी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपे. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर व्यवस्थित सुरू होतो, पण जिथे डिस्कची यादी दिसायला हवी तिथे रिकामी चौकट येते. डिस्क गेली असे ठरवून नवी मागवण्याआधी किंवा देवगड-दापोलीहून अख्खा सीपीयू उचलून रत्नागिरी-कोल्हापूर गाठण्याआधी पुढील तपासणी क्रमाने करावी.

सर्वप्रथम एवढेच पाहावे की डिस्क फक्त इन्स्टॉलरला दिसत नाही की मदरबोर्डलाही दिसत नाही. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ (एचपीच्या संगणकांत बहुधा एफ १०) ही कळ दाबत राहून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) शिरावे आणि स्टोरेजची यादी उघडावी. तिथे डिस्कचे मॉडेल नाव दिसत असेल तर जोडण्या सहसा ठीक असतात आणि दोष सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (तो भाग ओळखून चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) शोधावा. नाव तिथेही नसेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा.

बायोसमध्ये आहोत तोवर तारीखही पाहून घ्यावी, कारण कोकणात हे कारण वारंवार आढळते. चाकरमान्यांची घरे गणपती ते मे महिना बंद असतात, मेन स्विच खाली केलेला असतो, आणि अशा वेळी मदरबोर्डवरील सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या गोल सेलवरच घड्याळाचा सगळा भार पडतो. सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि अनेक बोर्डांवर स्टोरेजची सेटिंगही कंपनीच्या मूळ स्थितीला परतते. मग आधीची चांगली चालणारी विंडोज सुरू होत नाही, ‘विंडोज उडाली’ असे समजून लोक ती पुन्हा टाकायला बसतात, आणि डिस्क दिसत नाही म्हणून दुसऱ्यांदा अडतात. सेल बदलून सेटिंग पूर्वीसारखी केल्यावर जुनी विंडोज जशीच्या तशी सुरू होण्याची शक्यता बरीच असते. सेल काही रुपयांना मिळतो; त्यामुळे शंका असली तरी बदलून टाकावा.

डिस्क बायोसला दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या संगणकांत फार आढळतो. त्यांतील व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरची सोय चालू असली की एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारची एसएसडी) डिस्क त्या कंट्रोलरच्या मागे राहते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल टाकून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा, झिप फाइल सोडवून ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते दाखवावे. झिप न सोडवता ठेवलेली फाइल इन्स्टॉलर वाचत नाही. निम्मे लोक इथेच थकतात. दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे. तो सोपा आहे, पण डिस्कवर आधीची विंडोज असून ती ठेवायची असेल तर हा बदल सहज म्हणून करू नये, कारण व्हीएमडी चालू असताना टाकलेली विंडोज ती बंद केल्यावर बहुधा निळा पडदा दाखवून थांबते. बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीसुद्धा आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

लिनक्सच्या बाबतीत जरा जुन्या संगणकांवर बायोसमधील साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत ठरवणारी सेटिंग) ‘रेड’वर (RAID) ठेवलेला असतो; तो ‘एएचसीआय’ (AHCI) या साध्या पद्धतीवर केल्याशिवाय एनव्हीएमई डिस्क इन्स्टॉलरच्या यादीत येत नाही. जुनी विंडोज शेजारी ठेवायची असेल तर वरील सावधगिरी इथेही पाळावी.

आता डिस्क बायोसलाही दिसत नसेल तर. वीजपुरवठा पूर्ण बंद करून, वायर भिंतीतून काढून मगच कॅबिनेट उघडावे. आत मुंग्यांचे घर किंवा पालीची अंडी सापडली तर आपल्याकडे त्याचे नवल वाटू नये. साटा डिस्कला (केबलने जोडल्या जाणाऱ्या नेहमीच्या डिस्कला) दोन जोडण्या असतात: सात पिनांची डेटा केबल आणि पंधरा पिनांची वीज केबल. मालवण-वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी, समुद्राकडे खिडकी असलेल्या खोलीत, स्वस्त केबलच्या टोकांवर खाऱ्या दमट हवेने काळपट किंवा हिरवट थर धरतो. थर धरलेली केबल पुसत न बसता बदलावी. डिस्कच्या बाजूच्या पट्ट्या मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. त्यानंतर केबल मदरबोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी.

एम.२ डिस्क (मदरबोर्डवरच्या खाचेत थेट बसणारी पातळ पट्टी) असेल तर टोकाचा स्क्रू सुटून ती खाचेतून किंचित मागे आली आहे का ते पाहावे. शिवाय एम.२ आकाराच्या डिस्क साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या असतात, आणि प्रत्येक खाच दोन्ही चालवतेच असे नाही. काही बोर्डांवर एम.२ खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, म्हणजे नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर दोष दोन्हींपैकी कशातच नसतो. कोणता पोर्ट बंद होतो हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

पुराचे पाणी लागलेल्या डिस्कची गोष्ट निराळी आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात झाले तसे संगणक पाण्याखाली गेले असतील आणि आतला मजकूर हवा असेल, तर डिस्क उन्हात वाळवून जोडून पाहू नये. गाळ आत असताना ती फिरवली की पृष्ठभागावर चरे पडतात. ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी.

कधी डिस्क यादीत दिसते, पण ती नव्या जीपीटीऐवजी एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असल्याने विंडोज तिच्यावर बसायला नकार देते. डिस्कवरचे काहीच नको असेल तर शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडावी, ‘डिस्कपार्ट’ सुरू करावे, ‘लिस्ट डिस्क’ने यादी काढून आकारमानावरून आपली डिस्क ओळखावी, ती ‘सिलेक्ट’ करून ‘क्लीन’ आणि मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’ या आज्ञा इंग्रजीत द्याव्यात. ‘क्लीन’ पुन्हा विचारत नाही. त्यामुळे ज्या डिस्कवर घरचे फोटो आहेत तिची केबल त्या वेळेपुरती काढूनच ठेवावी.

एवढे करूनही डिस्क दिसली नाही तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तिथेही नाव आले नाही तर डिस्क खरोखरच बिघडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. वॉरंटी बाकी आहे का हे लेबलवरील सिरियल नंबरवरून कंपनीच्या संकेतस्थळावर कळते. पार्सल करण्यापूर्वी त्या लेबलचा फोटो काढून घ्यावा.