ताऱ्याच्या पिधानावरून वातावरण कसे ओळखावे

एखादा ग्रह किंवा उपग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून सरकून त्याला झाकतो, याला पिधान म्हणतात; त्या वेळी ताऱ्याचा प्रकाश कसा कमी होतो, याची नेमकी नोंद ठेवली, तर त्या गोलावर वातावरण आहे की नाही, हे पृथ्वीवरूनच ठरवता येते. चंद्राआड जाणारा तारा क्षणात नाहीसा होतो. ९ जून १९८८ रोजी प्लूटोआड गेलेला तारा मात्र हळूहळू मंदावला आणि तेथील विरळ वातावरणाची खात्री पटली.

प्रथम ताऱ्याच्या प्रकाशात त्या गोलाची जी सावली पृथ्वीवर पडते, तिचा मार्ग पाहावा. सावलीचा पट्टा साधारण त्या गोलाच्या व्यासाइतकाच रुंद असल्याने थोडक्यात संधी हुकू शकते. गैया या अंतराळ दुर्बिणीने मोजलेल्या तारास्थानांमुळे ही भाकिते आता पुष्कळ नेमकी झाली आहेत. तरीही सुधारित मार्ग अखेरपर्यंत तपासत राहावे. प्रत्येक छायाचित्रावर जीपीएसची वेळ उमटेल अशी व्यवस्था करावी आणि त्याच चौकटीत तुलनेसाठी दुसरा तारा घ्यावा, म्हणजे पातळ ढगामुळे झालेली घट वेगळी काढता येते. चित्रण पिधानाच्या काही मिनिटे आधी सुरू करून नंतरही चालू ठेवावे.

खरे कौशल्य वेळेनुसार ताऱ्याचा प्रकाश कसा बदलला हे दाखवणारा आलेख वाचण्यात आहे. उंचीनुसार हवेची घनता घटत जाते, त्यामुळे खालच्या थरांतून येणारे किरण अधिक वळतात, प्रकाश फाकतो आणि तारा मंद दिसतो. या मंदावण्यात शोषणापेक्षा वक्रीभवनाचा वाटा बहुधा मोठा असतो. घनता किती झपाट्याने घटते हे आलेखाच्या उतारावरून काढले, की गुरुत्वाकर्षण आणि वायूचे रेणुभार ठाऊक असल्यास तापमानाचा अंदाज बांधता येतो. घट टप्प्याटप्प्याने झाली, तर मात्र घाई करू नये, कारण तो जोडतारा असण्याचीही शक्यता असते. सावलीच्या मध्याजवळ असलेल्या निरीक्षकाला पिधानाच्या मध्यावर तारा अल्पकाळ पुन्हा उजळलेला दिसू शकतो, कारण गोलाभोवतीचे वातावरण भिंगाप्रमाणे प्रकाश एकवटते. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन याच्या पिधानात असा झोत नोंदवला गेला.

वायू कोणता, हे या आलेखातून थेट कळत नाही; त्यासाठी वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंगांनुसार केलेले पृथक्करण, घ्यावा लागतो. शनीचा उपग्रह टायटन याच्यावरील मिथेन खगोलशास्त्रज्ञ कायपर यांनी १९४४ मध्ये वर्णपटावरूनच ओळखला. दाट धुरक्याखालील पृष्ठभागापर्यंत मात्र ताऱ्याचा प्रकाश पोहोचत नाही, म्हणून तेथे यानाच्या रेडिओ लहरी वापरतात: १९८० मध्ये व्हॉयेजर १ टायटनच्या मागे जाताना त्याच्या लहरी वातावरणातून पृथ्वीकडे आल्या आणि पृष्ठभागावरील दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट असल्याचे कळले.