पाक जॉन्ग-जा यांच्यावर पंधरा मिनिटं बोलायचं असेल तर

आमच्या हौशी नाट्यमंडळात २७ मार्चला, म्हणजे जागतिक रंगभूमी दिनाला, प्रत्येकाने परदेशातल्या एका नटावर पंधरा मिनिटं बोलायचं असा रिवाज आहे. चिठ्ठ्या टाकल्या तर माझ्या वाट्याला कोरिया आला. मी विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणारी बाई, दुसऱ्याची वाक्यं सांगणारी. दक्षिण कोरियाच्या रंगभूमीवरच्या अभिनेत्री पाक जॉन्ग-जा यांच्यावर आजवर दोनदा बोलले आणि पहिल्या वेळी सपशेल आपटले. तुमच्यावर ही वेळ आली तर माझ्या चुका कामी येतील.

आधी नाव. इंग्रजीत 'पार्क' लिहितात, पण कोरियन उच्चारात त्यात 'र' नाही. आडनाव पहिलं. फोटो शोधताना मात्र जपा. २०२१च्या 'हेलबाउंड' मालिकेत नेमकं याच नावाचं पात्र आहे, आणि ते काम किम शिन-रोक या अभिनेत्रीने केलंय. मी त्यांचाच फोटो फलकावर डकवला होता. मंडळातली एक कॉलेजची पोर कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, या त्या नव्हेत." तोवर अर्धं सभागृह भरलं होतं.

सनावळी दोन मिनिटांत उरका. जन्म १९४२. सोलच्या ईह्वा महिला विद्यापीठात शिकताना १९६२मध्ये 'फेद्र' नाटकात पहिलं काम. १९६६मध्ये दिग्दर्शक किम जॉन्ग-ओक आणि नेपथ्यकार ली ब्यॉन्ग-बोक यांनी 'जायू' ही संस्था काढली, तेव्हापासून त्या तिथे. जायू म्हणजे स्वातंत्र्य. बस. पहिल्या वेळी मी याच्या पुढची सगळी नाटकं सालवार वाचून दाखवली होती. लोक चहाला उठले ते आलेच नाहीत.

त्यापेक्षा आवाजावर बोला. जाड, खर्जातला आवाज. तरुणपणी त्या रेडिओवर आवाजाची कामं करायच्या. डिस्नेच्या 'लिटल मर्मेड'च्या कोरियन आवृत्तीत उर्सुला चेटकिणीला त्यांचाच आवाज आहे. हे सांगितलं की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा मान वर करतात.

मग १९८६. सोलच्या 'सानुल्लिम' या छोट्या नाट्यगृहात, इम योंग-उंग यांच्या दिग्दर्शनाखाली, सिमॉन द बोव्हारच्या लेखनावर आधारलेलं एक नाटक झालं: नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे कळलेली मध्यमवयीन बायको. ती बायको जॉन्ग-जा यांनी केली. ते पाहायला मध्यमवयीन बायकांची रीघ लागली. १९९१मध्ये तर 'फुलांची पिशवी' अशा अर्थाच्या नावाचं जॉन्ग-जा यांचं चाहता-मंडळही निघालं. इथे थोडं थांबा, पुढे बसलेल्या बायकांकडे बघा. त्यांना पुढचं सांगावं लागत नाही.

खरा वेळ ठेवा तो 'हॅरल्ड अँड मॉड'साठी. कोरियात हे नाटक 'एकोणीस आणि ऐंशी' अशा नावाने होतं: एकोणीस वर्षांचा मुलगा हॅरल्ड आणि ऐंशीला टेकलेली म्हातारी मॉड. जॉन्ग-जा यांनी मॉड पहिल्यांदा केली २००३मध्ये. ऐंशी वर्षांची होईपर्यंत करीन असं म्हणाल्या, आणि मधल्या वर्षांत पुन्हा पुन्हा केली. सुरुवातीला म्हातारीचं सोंग घ्यावं लागत असणार. दरवेळी ते थोडं कमी. शेवटचा मुक्काम २०२१मध्ये, दिग्दर्शन युन सॉक-ह्वा या गाजलेल्या अभिनेत्रीचं. आता कुणीतरी उठून म्हणेल की १९४२चा जन्म म्हणजे २०२१ला एकोणऐंशी. आमच्याकडे बँकेतले एक निवृत्त काका उठलेच. उत्तर तयार ठेवा. कोरियातल्या जुन्या हिशेबात मूल जन्मतं ते एक वर्षाचं, आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. कायद्याने आपल्यासारखी मोजणी पक्की झाली ती जून २०२३मध्ये. म्हणजे त्यांच्या हिशेबाने बरोब्बर ऐंशी.

मे २०२५ची गोष्ट मध्येच सांगून टाका, शेवटी ठेवू नका. कोरियातल्या कांगनुंग शहराच्या समुद्रकिनारी त्यांनी जिवंतपणीच स्वतःची अंत्ययात्रा काढली. चित्रपटातल्या प्रसंगाचं चित्रीकरण होतं, पण निमंत्रणं खऱ्या मित्रमंडळींना गेली होती. मला वाटलं, याहून झकास शेवट कुठला? टाळ्या पडल्याच नाहीत. लोक गंभीर चेहऱ्याने विचारायला लागले, "कधी गेल्या हो?"

शेवटासाठी पुरुषांच्या भूमिका घ्या. २०११मध्ये 'इडिपस'मधला आंधळा द्रष्टा टायरेसियस, २०१६मध्ये 'हॅम्लेट'चा पोलोनियस, आणि डिसेंबर २०२३मध्ये सॅम्युअल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' नाटकातला लकी. तेव्हा वय ८१, आपल्या हिशेबाने. लकी म्हणजे गळ्यात दोर बांधलेला हमाल. बराच वेळ ओझं धरून नुसता उभा, आणि मग एकदम ते विरामचिन्हं नसलेलं लांबच लांब भाषण. प्रॉम्प्टर म्हणून सांगते, त्या भाषणात नट अडकला तर नेमकं कुठलं वाक्य पुरवायचं हेच कळणार नाही.

लकीचं हे उभं राहणं नुसतं तोंडी सांगू नका. भाषण सुरू करतानाच एका धडधाकट मुलाला मंचाच्या कडेला उभा करा: एका हातात बॅग, दुसऱ्यात घडीचं स्टूल आणि टोपली, दंडावर कोट. तो कशासाठी उभा आहे हे शेवटपर्यंत फोडायचं नाही. आमच्या पोराने नवव्या मिनिटाला बॅग खाली ठेवली. हळूच नाही, धपकन. बॅग रिकामी नको. नाटकात लकीच्या बॅगेत काय आहे असं विचारल्यावर त्याचा मालक पॉझो 'वाळू' म्हणतो. आम्हाला वाळू मिळाली नाही, पाच किलो तांदूळ भरले होते.