फ्लॅप होणाऱ्या प्रोव्हायडर लिंकवर राउटरचे टायमर कसे लावायचे

लिंक दोन सेकंद पडते आणि परत येते (यालाच फ्लॅप म्हणतात), तेव्हा जास्त नुकसान त्या दोन सेकंदांत होत नाही, नंतरच्या धावपळीत होतं. सिस्को राउटरवर इंटरफेस डाउन दिसला की थेट जोडलेलं ई-बीजीपी सेशन (प्रोव्हायडरच्या राउटरशी राउटची देवाणघेवाण करणारं कनेक्शन) १८० सेकंदांच्या होल्ड टाइमची, म्हणजे समोरून काही न ऐकता थांबायच्या मुदतीची, वाट न बघता लगेच तुटतं. मग इंटरनेटचं पूर्ण राउट टेबल घेत असाल तर नऊ लाखांहून जास्त राउट पुन्हा शिकायचे, आणि तेवढ्यात लिंक परत पडते. शिवाय वरच्या एखाद्या नेटवर्कने बीजीपी डॅम्पनिंग (वारंवार येणारे-जाणारे राउट काही काळ बाजूला ठेवणं) लावलेलं असेल, तर तुमचा प्रिफिक्स (आयपी पत्त्यांचा गट) तिथे बराच वेळ दाबून ठेवला जाऊ शकतो. सिस्कोच्या डीफॉल्टनुसार जास्तीत जास्त ६० मिनिटं.

टायमरला हात लावण्याआधी फ्लॅप कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. लॉगला मिलिसेकंद लावा: सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक. त्यानंतर एक-दोन दिवसांतले अप-डाउन संदेश काढून दोन गोष्टी मोजा: लिंक किती वेळ पडते आणि दोन फ्लॅपमध्ये किती अंतर असतं. सोबत सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) आणि एसएफपीची (फायबर लावायच्या मॉड्यूलची) रिसीव्ह पॉवर बघा. १० किलोमीटरच्या एलएक्स एसएफपीवर पॉवर उणे १९ डीबीएमच्या आसपास असेल, तर कोणताही टायमर ती लिंक वाचवणार नाही. कनेक्टर साफ करून घ्या, फायबरची तक्रार नोंदवा. मीडिया कन्व्हर्टर (केबलचा प्रकार बदलणारा छोटा डबा) यूपीएसवर आहे ना, हेही डोळ्यांनी बघा. वीज क्षणभर गेली की तो रीस्टार्ट होतो आणि दोष लाइनवर जातो.

पहिला टायमर कॅरियर-डिले. सिग्नल गेल्यावर किंवा आल्यावर ती बातमी वर कळवायला राउटरने किती थांबायचं, ते हा ठरवतो. जुन्या आयओएसमध्ये (सिस्कोच्या राउटरचं सॉफ्टवेअर; एक्सई आणि एक्सआर हे त्याचे प्रकार) डीफॉल्ट साधारण २ सेकंद असतं, म्हणजे त्याहून छोटे फ्लॅप लॉगमध्ये दिसतच नाहीत. डाउन आणि अप यांना वेगळे आकडे द्या, कारण दोघांचं काम वेगळं आहे.

डाउनचा आकडा प्रोव्हायडरच्या नेटवर्कवरून ठरतो. त्यांच्या रिंगला संरक्षण, म्हणजे फायबर तुटल्यावर आपोआप दुसरा रस्ता, असेल, तर रस्ता बदलायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यासाठी राउटिंग हलवू नये. १५० मिलिसेकंद पुरेसे आहेत. संरक्षण नसेल तर शून्य ठेवा. थांबलेल्या प्रत्येक क्षणी राउटर मेलेल्या लिंकवर पॅकेट टाकत असतो, आणि २ सेकंदांत चालू फोनवरचं अख्खं वाक्य हरवतं.

अपचा आकडा मात्र मोठा हवा. लिंक आली म्हणजे ती टिकेलच असं नाही. ३० सेकंदांपासून सुरुवात करा.

आयओएस एक्सईवर: कॅरियर-डिले डाउन एमसेक १५०, आणि कॅरियर-डिले अप ३०.
आयओएस एक्सआरवर: कॅरियर-डिले अप ३०००० डाउन १५०.
जुनॉसवर (जुनिपरचे राउटर): होल्ड-टाइम अप ३०००० डाउन १५०.

शेवटच्या दोन्ही ठिकाणी एकक मिलिसेकंद आहे. तिथे नुसतं ३० लिहिलं तर काही उपयोग नाही. आणखी एक खाच: प्रोव्हायडरने तुमच्याकडे स्टॅटिक (हाताने लिहिलेला) राउट लावला असेल, तर तुमचा इंटरफेस थांबलेला असताना त्यांचा अप होतो आणि ते ३० सेकंद परतीचा ट्रॅफिक खड्ड्यात जातो. अप-डिले त्यांच्या बाजूलाही तेवढाच लावून घ्या.

कॅरियर-डिलेतून सुटलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या फ्लॅपसाठी इव्हेंट डॅम्पनिंग आहे. इंटरफेस पडला की दर वेळी १००० दंड चढतो आणि हाफ-लाइफच्या वेगाने तो निम्मा होत जातो. सप्रेसची मर्यादा ओलांडली की राउटिंगच्या दृष्टीने इंटरफेस बंद. दंड रीयूजच्या खाली आला की पुन्हा चालू. आयओएसचे डीफॉल्ट आकडे असे: हाफ-लाइफ ५ सेकंद, रीयूज १०००, सप्रेस २०००, कमाल सप्रेस २० सेकंद.

इथे बरेच जण नुसतं डॅम्पनिंग लिहून निर्धास्त होतात. लिंक दर ३० सेकंदांनी पडत असेल, तर दोन फ्लॅपमध्ये सहा हाफ-लाइफ निघून जातात आणि १००० चे जेमतेम १६ उरतात. दंड साचतच नाही. आयओएसमध्ये हाफ-लाइफ ३० सेकंदांपर्यंतच नेता येतो. तो घेतला तर दंड १०००, १५००, १७५० असा चढतो, पण २००० कधीच ओलांडत नाही. म्हणून सप्रेसही खाली आणायला हवा:

डॅम्पनिंग ३० ५०० १७०० १२०

क्रम हाफ-लाइफ, रीयूज, सप्रेस, कमाल सप्रेस असा. तिसऱ्या फ्लॅपला इंटरफेस दाबला जातो. दंड १७५० वरून ५०० वर यायला सुमारे ५४ सेकंद लागतात, त्यामुळे ३० सेकंदांनी पुढचा फ्लॅप आला तरी तो दाबलेलाच राहतो. कमाल दंडाचा हिशेब तपासा: रीयूज गुणिले दोनचा घात, घातांक म्हणजे कमाल सप्रेस भागिले हाफ-लाइफ. इथे ५०० गुणिले १६, म्हणजे ८०००. शेवटचा आकडा २० ठेवला असता तर कमाल दंड ८०० च्याही खाली राहिला असता आणि सप्रेस कधीच झालं नसतं.

एक्सआरवर हाफ-लाइफचं एकक मिनिट आहे. वरची ओळ तशीच चिकटवली तर लिंक तासभर गायब होऊ शकते.

डॅम्पनिंग फिजिकल इंटरफेसवर लागतं आणि त्याखालच्या सगळ्या सबइंटरफेसना (त्याच पोर्टचे तार्किक भाग) लागू होतं. दाबलेला इंटरफेस शो इंटरफेसमध्ये अप-अपच दिसतो, फक्त राउट नसतात. रात्रपाळीच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो भलतीकडे शोधत बसेल. शो इंटरफेस डॅम्पनिंगमध्ये दंड आणि सप्रेसची स्थिती दिसते. साइटला एकच लिंक असेल तर डॅम्पनिंग लावू नका. अडखळणारी लिंक बंद लिंकपेक्षा बरी.

मधे मीडिया कन्व्हर्टर किंवा प्रोव्हायडरचा स्विच असेल, तर पलीकडे फायबर तुटूनही तुमचा पोर्ट अपच राहतो. तिथे हे दोन्ही टायमर आंधळे आहेत. तिथे बीएफडी (दोन्ही राउटरनी एकमेकांना सतत छोटी पॅकेट पाठवून रस्ता जिवंत आहे का ते बघणं) लागतो, आणि तो प्रोव्हायडरनेही चालू करावा लागतो. दर ३०० मिलिसेकंदांनी एक पॅकेट आणि मल्टिप्लायर ३ (सलग तीन चुकली की बिघाड) घेतला तर बिघाड ९०० मिलिसेकंदांत कळतो. याहून कमी आकडा कमकुवत वायरलेस लास्ट माइलवर लावला, तर बीएफडीच फ्लॅप घडवू लागतो. आणि बीएफडीचा वेळ डाउन-डिलेपेक्षा कमी ठेवला, तर त्या डिलेला अर्थ उरत नाही, कारण सेशन बीएफडी आधीच पाडतो.

तपासणी शटडाउन देऊन करू नका, कारण त्यात सिग्नल जाण्याची प्रक्रिया घडत नाही. मेंटेनन्सची वेळ घेऊन आधी राउटरच्या एसएफपीतून फायबर काढा, नंतर कन्व्हर्टरच्या पलीकडच्या बाजूचं, आणि दोन्ही वेळा लॉगमधले मिलिसेकंद ठरवलेल्या आकड्यांशी ताडून बघा.